एका जहाजाचीं दोन नांवें

जहाजांच्या छायाचित्रांचा संग्रह लावावयाचा म्हणजे पहिली सुचते ती वाट नांवाची. एका नांवास एक पाकीट केलें कीं काम झालें! परंतु लग्नांत मुलीचें नांव बदलावें तसें मालक बदलतांच जहाजाचें नांव पुष्कळदां बदलतें. आणि गेलेल्या जहाजाचें नांव नव्यास ठेवण्याची चाल तर आरमारांत फार जुनी.

मुंबईच्या गोदींतील एका जहाजाच्या वांट्यास हीं दोन्ही आलीं. जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारी सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ब्रिटिश आरमारासाठीं पाण्यांत उतरली. उतारवयांत तिच्यावर खलाशांची कवाईत चाले. शेवटीं १८९७ सालीं ती मोडींत निघाली. त्याच वर्षाच्या जूनमध्यें, ज्यावर एके काळीं नेल्सनचें निशाण फडकलें तें 'फूड्रॉयंट' जहाज वादळांत सांपडून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलें. त्याचे मालक जॉर्ज व्हीटली कॉब यांनीं मोडीवाल्याकडून 'ट्रिंकोमाली' विकत घेतली, दुरुस्त केली, आणि गेलेल्याच्या स्मरणार्थ तिला 'फूड्रॉयंट' म्हटलें. १९८६ पर्यंत ती याच नांवानें मुलांस दर्यावर्दीपणाचे धडे देत होती. १९९२ सालीं मूळ नांव परत मिळालें.

आतां पाकिटावर नुसतें 'फूड्रॉयंट' लिहिलें तर? १७९८ सालीं प्लिमथला पाण्यांत उतरलेलें नेल्सनचें जहाज आणि फाल्मथ, पोर्टस्मथ येथें नांगरलेलें मुंबईचें जहाज हीं एकाच पाकिटांत पडतात. उलट 'ट्रिंकोमाली'च्या पाकिटांत जवळजवळ नव्वद वर्षांचें एकही चित्र नाहीं. मुंबईच्या सुतारांचें काम पाहूं इच्छिणारा अभ्यासक रिकाम्या हातीं परततो, आणि तें काम शेजारच्याच खणांत परक्या नांवाखालीं पडलेलें असतें!

म्हणून पाकीट नांवाचें नव्हे, सांगाड्याचें असावें. 'ट्रिंकोमाली, १८१७' असें वर्षासह लिहावें, आणि 'फूड्रॉयंट'च्या जागीं तिकडे बोट दाखविणारी चिठ्ठी ठेवावी. व्यापारी जहाजांची सोय बरी आहे. १९८७ सालीं स्वीकारलेला आणि १९९६ पासून मोठ्या जहाजांस सक्तीचा झालेला सात आंकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक नांव, मालक वा निशाण बदललें तरी बदलत नाहीं. लढाऊ जहाजांस ती सक्ती नाहीं; तेथें वर्षावरच भिस्त.

जहाजाचा वर्ग पाहून खण करावे, तर तोही स्थिर कोठें? १८४५ च्या सुमारास तोफा कमी करून याच फ्रिगेटची कॉर्व्हेट करण्यांत आली. शिवाय शिडाची फ्रिगेट आणि आजची यंत्राची फ्रिगेट यांत नांवापलीकडे साम्य थोडेंच! बदलत नाहीं ती एक जन्मभूमि. 'मुंबई गोदी' असा खण केला कीं तींत 'ट्रिंकोमाली'शेजारीं १८१३ ची 'कॉर्नवॉलिस' येते. हिच्यावर १८४२ सालीं नानकिंगचा तह झाला, आणि १९१६ सालीं हिचेंही नांव बदलून 'वाइल्डफायर' झालें. हिला १९५७ सालीं मोडण्यांत आलें. 'ट्रिंकोमाली' मात्र हार्टलपूल येथें अजून पाण्यावर आहे, आणि तिच्या पाकिटांत भर पडतच आहे.