घरच्या संगणकाची निवड: एका हक्काचा इतिहास



घरात कोणतीही वस्तू आणताना आपण ती पारखून घेतो. तांदूळ मूठभर हातावर घेऊन पाहतो, कापडाचा पोत बोटांनी चाचपतो. संगणकाच्या बाबतीत मात्र हा चोखंदळपणा आपण दुकानाच्या पायरीवरच ठेवून येतो. यंत्राबरोबर जी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, मिळाली तीच कायमची, असे आपण गृहीत धरतो. ती बदलता येते, आणि पडद्यावरील मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, हीही आपल्या पसंतीने निवडता येते, हे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांनाही ठाऊक नसते.

हा प्रश्न आता प्रत्यक्ष घरात येऊन ठेपला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य थांबवले. तिच्यानंतरच्या विंडोज ११ ला तुलनेने नव्या बनावटीचे यंत्र लागते. परिणामी उत्तम चालणारे अनेक संगणक केवळ एका तारखेमुळे जुने ठरले. असे यंत्र मोडीत काढावे, की त्याला दुसरी कार्यप्रणाली द्यावी? याचे उत्तर देण्यापूर्वी, ही निवड करण्याचा हक्क आपणास कसा प्राप्त झाला, ते पाहणे उचित होईल.

या कथेचा आरंभ एका छपाईयंत्रापासून होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. छपाईयंत्रात कागद अडकला की संबंधितांस तसा निरोप जावा, अशी सोय त्यांनी जुन्या यंत्रासाठी केली होती. १९८० च्या सुमारास नवे यंत्र आले. पण त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता त्यांना मिळेना. यंत्र आपल्या खोलीत असून त्यातील दोष दुरुस्त करण्याची मुभा आपल्याला नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना सिद्ध केला. आज्ञावली कोणीही वापरावी, अभ्यासावी, बदलावी आणि वाटावी. मात्र जो ती वाटेल त्याने हेच हक्क पुढच्यासही द्यावेत, हे या परवान्याचे सार होय.

या प्रणालीचे अनेक भाग तयार झाले, तरी यंत्राशी थेट व्यवहार करणारा गाभा अपुराच होता. ती उणीव १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘लिनक्स’ने भरून काढली. १९९२ मध्ये त्याने आपली कृती जीपीएल परवान्याखाली आणली. मग निरनिराळ्या मंडळींनी हा गाभा व इतर आज्ञावल्या एकत्र बांधून संच तयार करण्यास आरंभ केला. १९९३ मध्ये निघालेले स्लॅकवेअर आणि डेबियन हे संच आजही चालू आहेत.

तथापि सामान्य माणसाला गाभा दिसत नाही. त्याला पडदा दिसतो. या प्रणालीवर प्रत्येक आज्ञावलीचे रूप निराळे आणि कळही निराळी, अशी स्थिती होती. ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील मॅथियास एट्रिख यांनी सर्वत्र एकसारखी मांडणी देणारी ‘केडीई’ योजना मांडली. ती देखणी होती; पण तिचा पाया असलेली क्यूटी ही नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीची आज्ञावली बदलून वाटण्याची मोकळीक नव्हती. ती फुकट होती, मुक्त नव्हती. हा भेद ज्यांना खटकला त्यांपैकी मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ‘ग्नोम’ ही दुसरी मांडणी आरंभिली. वाद पुष्कळ झाला. अखेर २००० मध्ये क्यूटीही जीपीएलखाली आली आणि वादाचे मूळ कारण उरले नाही. दोन्ही मांडण्या मात्र टिकल्या. त्यांच्यातील निवड आज आवडीनिवडीची वाटते. तिच्या मुळाशी मात्र हक्काचा प्रश्न होता.

त्या हक्काची खरी कसोटी २०११ मध्ये लागली. ग्नोमने आपल्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी परिचित मांडणी टाकून अगदी नवी स्वीकारली. ज्यांना ती रुचली नाही त्यांनी केवळ तक्रार केली नाही. जुनी संहिता घेऊन काहींनी ‘माटे’ या नावाने ती पुढे चालविली. लिनक्स मिंटच्या मंडळींनी नव्या पायावर जुन्या वळणाची ‘सिनॅमन’ रचली. निर्मात्याने पाठ फिरवली तरी वापरणारा निराधार होत नाही, हा मुक्त संहितेचा सर्वांत मोठा गुण येथे प्रत्ययास आला.

मग आपण काय निवडावे? नाव कोणते यापेक्षा गरज कोणती, हे प्रथम ठरवावे. यंत्र जुने व दुबळे असेल तर एक्सएफसीई ही हलकी मांडणी बरी. विंडोजची सवय असेल तर सिनॅमन किंवा केडीई जवळची वाटेल. संच असा घ्यावा की ज्याची देखभाल दीर्घकाळ होते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी निघतात आणि त्यांस पाच वर्षे साहाय्य मिळते. बहुतेक संच पेनड्राइव्हवरून, यंत्रातील काहीही न पुसता, चालवून पाहता येतात. तेव्हा पडदा, आवाज, छपाई आणि देवनागरी टंकलेखन हे सर्व नीट तपासावे. बेळगावात मराठीबरोबर कन्नड, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू लागते. इनस्क्रिप्ट कळफलकात या लिप्यांची सारखी अक्षरे बहुतांशी त्याच कळांवर असल्याने, एक लिपी शिकलेल्याला दुसरी जड जात नाही.

यात कष्ट नाहीत असे नव्हे. हिशेबाच्या किंवा छपाईच्या कामी लागणाऱ्या काही व्यापारी आज्ञावल्या येथे चालत नाहीत. ज्याचा धंदा त्यांवर अवलंबून आहे त्याने घाई करू नये. बदल करण्यापूर्वी आपले कागद व छायाचित्रे दुसरीकडे उतरवून ठेवणे, हे तर प्रत्येकाचेच कर्तव्य होय.

एवढे सारे पाहून कोणी आपल्या जुन्या प्रणालीतच राहायचे ठरविले, तरी त्यात काही वावगे नाही. कारण तो निर्णय आता त्याचा स्वतःचा असेल. पण कपाटात ठेवलेला तो जुना संगणक भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी एक रविवार त्याला अवश्य द्यावा.