पोर्ट वाइन : रुबी की टॉनी, हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न

गोव्याहून परतणाऱ्या पर्यटकाच्या सामानात काजूच्या पुड्यांबरोबर हमखास एक बाटली असते. गडद तांबडी, गोड आणि खिशाला परवडणारी. तिच्यावर 'पोर्ट वाइन' असे लिहिलेले असते आणि बहुतेक मराठी माणसाची पोर्टशी ओळख तेवढ्यावरच थांबते. कुणाला ती औषधासारखी वाटते, कुणाला सरबतासारखी; आणि 'पोर्ट आपल्याला काही आवडत नाही' असा निकाल तिथल्या तिथे लागतो. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगालची सत्ता होती, त्यामुळे हे नाव तिथे रुजले यात नवल नाही. परंतु उत्तर पोर्तुगालातील डोरू नदीच्या खोऱ्यात जी तयार होते ती पोर्ट निराळी. शिवाय ती एक नसून अनेक आहे. या अनेकींपैकी आपल्याला कोणती रुचेल, हे ठरवण्यासाठी त्यांच्यातला फरक कशामुळे पडतो एवढे समजले तरी पुरे.

गोडवा येतो कुठून?

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्टमुळे ती आंबते, साखरेचा अल्कोहोल होतो आणि साधी वाइन बनते. पोर्टच्या बाबतीत ही क्रिया मध्येच थांबवली जाते. साधारण निम्मी साखर शिल्लक असतानाच रसात ७७ टक्के अल्कोहोल असलेला, द्राक्षांपासूनच काढलेला रंगहीन मद्यार्क ओततात. एकूण मिश्रणात त्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांश असते. त्या तीव्रतेत यीस्ट तग धरत नाही, आंबणे थांबते आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणजे पोर्टमधील गोडवा वरून घातलेल्या साखरेचा नसून द्राक्षाचा स्वतःचा असतो. तयार पोर्टमध्ये अल्कोहोल बहुधा १९ ते २२ टक्के असते. साध्या वाइनमध्ये ते १२ ते १४ टक्के असते.

आंबवण्याचा काळ असा दोन-तीन दिवसांचाच असल्याने सालींतील रंग आणि तुरटपणा झटपट काढून घ्यावा लागतो. त्यासाठी दगडी हौदांत उतरून द्राक्षे पायांनी तुडवण्याची जुनी पद्धत काही मळ्यांत अजून टिकून आहे; इतरत्र हेच काम यंत्रे करतात. द्राक्षांच्या जातीही तिथल्याच : तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, टिंटा रोरिझ, टिंटा बारोका इत्यादी. शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या खडकात पायऱ्या खोदून लावलेले हे मळे युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केले.

दोन घराणी

पोर्टचे प्रकार मोजायला बसले तर यादी लांबते. मात्र नावांच्या गर्दीत न शिरता एक प्रश्न विचारावा : ही वाइन कशात मुरली? मोठ्या टाकीत किंवा बाटलीत मुरली असेल तर तिला हवा फारशी लागत नाही. तिचा रंग आणि फळाचा स्वाद टिकून राहतो. हे रुबीचे घराणे. सुमारे साडेपाचशे लिटरच्या लाकडी पिंपात मुरली असेल तर लाकडातून झिरपणारी हवा वर्षानुवर्षे तिच्यावर काम करते. तांबडा रंग विटकरी होतो, मग सोनेरी तपकिरी. फळाचा स्वाद मागे सरतो आणि बदाम, अक्रोड, सुके अंजीर, करपवलेल्या साखरेची आठवण पुढे येते. हे टॉनीचे घराणे.

रुबी : दोन-तीन वर्षे मुरवून बाजारात आणलेली, सर्वांत साधी. जांभूळ, चेरीसारखा ताजा स्वाद. यातील निवडक मालाला 'रिझर्व्ह' म्हणतात.

लेट बॉटल्ड व्हिंटेज : एकाच वर्षाच्या पिकाची, सुगीनंतर चौथ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान बाटलीत भरलेली. गाळून भरली असेल तर उघडावी आणि प्यावी. न गाळलेलीत साका उतरतो, पण ती बाटलीतही सुधारत राहते.

व्हिंटेज : उत्तम वर्षीच्या उत्तम मळ्यांची, दोनेक वर्षांतच बाटलीत भरलेली आणि पुढे बाटलीतच दशकानुदशके मुरणारी. प्रत्येक वर्षी ती निघत नाही. पीक त्या तोलाचे असेल तरच कंपन्या ते वर्ष 'जाहीर' करतात. १९६३, १९९४, २०११ ही अशीच नावाजलेली वर्षे. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे अनेक कंपन्यांनी जाहीर केली, तेव्हा त्याचे अप्रूप वाटले ते याच कारणाने.

वयाची टॉनी : बाटलीवर १०, २०, ३० किंवा ४० वर्षे असा आकडा असतो. २०२२ मध्ये त्यात ५० वर्षांच्या वर्गाचीही भर पडली. हा आकडा काटेकोर वय नव्हे. वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून साधलेली ती चव असते आणि त्या वयाला शोभणारे गुण तिच्यात आहेत की नाहीत, हे तिथल्या नियामक संस्थेचे परीक्षक चाखून ठरवतात.

कुल्याइता : एकाच वर्षाच्या पिकाची, किमान सात वर्षे पिंपात राहिलेली टॉनी. बाटलीवर वर्ष असते म्हणून पुष्कळजण तिला व्हिंटेज समजतात. चव मात्र अगदी दुसऱ्या घराण्याची.

पांढरी आणि गुलाबी : पांढरी पोर्ट पांढऱ्या द्राक्षांची, कोरड्यापासून अतिगोडपर्यंत तिच्या पायऱ्या आहेत. गुलाबी पोर्ट ही अलीकडची, २००८ च्या सुमारास बाजारात आलेली.

जाणकारही हरला

'खरी पोर्ट कोणती' हा वाद नवा नाही. १७०३ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या मेथ्युएन करारामुळे पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनपेक्षा कमी झाली आणि इंग्रजांच्या टेबलावर पोर्ट आली. मागणी वाढताच भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळण्यापर्यंत मजल गेली. त्याला आवर घालण्यासाठी पोर्तुगालचा प्रधान मार्क्विस ऑफ पोम्बाल याने १७५६ मध्ये डोरूच्या मळ्यांची हद्द आखून दिली आणि ती दाखवणारे दगडी खांब उभारण्यात आले. सरकारने हद्द आखून नियमन केलेल्या जगातील आद्य वाइन प्रदेशांमध्ये डोरूची गणना होते.

त्या काळी मद्यार्क मिसळत तो मुख्यतः समुद्रप्रवासात वाइन टिकावी म्हणून. रस गोड असतानाच तो घालण्याची रीत हळूहळू रूढ झाली. जोसेफ जेम्स फॉरेस्टर या इंग्रज व्यापाऱ्याला ती मुळीच मान्य नव्हती. डोरू नदीचा तपशीलवार नकाशा काढणारा, मळेन् मळा पायाखाली घातलेला हा माणूस. १८४४ मध्ये त्याने पुस्तिका काढून सांगितले, की मद्यार्क मिसळणे म्हणजे चांगल्या वाइनचा नाश. डोरूची वाइन कोरडी, निर्भेळ हवी. व्यापारी त्याच्यावर तुटून पडले. पोर्तुगालने त्याला बॅरन हा किताब दिला. परंतु गिऱ्हाइकाला गोड, दमदार पोर्टच हवी होती आणि वाद गिऱ्हाइकाने जिंकला. १८६१ मध्ये डोरूच्या वालेइरा येथील खळाळात नाव उलटून फॉरेस्टर बुडाला. त्याच नावेत असलेल्या मळेमालकीण डोना अँटोनिया फेरेरा मात्र वाचल्या. त्यांच्या घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवले, अशी आख्यायिका आहे.

ज्या पेयाला आज आपण अस्सल पोर्ट म्हणतो, त्याला त्या खोऱ्याचा सर्वांत मोठा जाणकार बिघडलेली वाइन म्हणत होता. आणि ज्या कोरड्या वाइनचा त्याने आग्रह धरला, ती आज त्याच मळ्यांतून 'डोरू' या नावाने मानाने विकली जाते. तेव्हा चवीच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचाच नसतो.

देश तशी चव

देशोदेशीच्या आवडीही हेच सांगतात. ब्रिटनमध्ये व्हिंटेजला मान. जेवण आटोपल्यावर, स्टिल्टन चीजबरोबर, बाटली डावीकडे सरकवत पिण्याचा तिथला शिरस्ता. फ्रेंच माणूस पोर्ट पितो ती जेवणाआधी, भूक चाळवण्यासाठी, आणि त्याला महागड्या व्हिंटेजचे फारसे वेड नाही. तरीही १९६० च्या दशकात खरेदीच्या प्रमाणात फ्रान्सने ब्रिटनला मागे टाकले. पोर्तुगीज घराण्यांचा जीव जडला तो पिंपात मुरलेल्या टॉनीवर आणि कुल्याइतावर. यांतील कुणाची जीभ चुकीची म्हणणार?

आपली आवड कशी ओळखावी?

पहिली खूण रोजच्या खाण्यात सापडते. बिनदुधाचा कडक चहा, जांभळाचा तुरटपणा, कडवट काळे चॉकलेट आवडत असेल तर लेट बॉटल्ड व्हिंटेजपासून सुरुवात करावी. खजूर, भाजलेले बदाम, गुळाची चिक्की, कॅरॅमल कस्टर्ड याकडे ओढा असेल तर दहा वर्षांची टॉनी. गोड नकोसेच वाटत असेल तर कोरडी पांढरी पोर्ट, भरपूर बर्फ, टॉनिक वॉटर आणि लिंबाची फोड. पोर्तोमध्ये उन्हाळ्यात हे पेय सर्रास मिळते.

दुसरा उपाय तुलनेचा. तीन-चार मित्रांनी मिळून एक रिझर्व्ह रुबी आणि एक दहा वर्षांची टॉनी आणावी. लहान पेल्यांत थोडी थोडी ओतून, एकाच बैठकीत, आलटून पालटून चाखावी. आधी किंमत सांगू नये. घोट गिळल्यावर मागे काय राहते याकडे लक्ष द्यावे : फळ की सुकामेवा, तुरटपणा की मऊपणा, घशाला अल्कोहोलची ऊब की जळजळ? हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. एकाच गृहस्थाला जेवणाआधी एक आणि जेवणानंतर दुसरी आवडली, तर त्यातही काही विसंगती नाही.

जास्त वय म्हणजे जास्त आवड, असेही नाही. वीस वर्षांच्या टॉनीत फळ आणि सुकामेवा यांचा तोल सापडतो म्हणून तिथेच थांबणारे पुष्कळ आहेत. चाळीस वर्षांची वाइन अतिशय दाट आणि तीव्र असते. तिचा एक घोट विस्मयकारक वाटला तरी पेला संपवावासा वाटेलच असे नाही.

महाग ते सोयीचे नव्हे

व्हिंटेजबद्दल एक सावधगिरीची सूचना. नाव ऐकून, परदेशातील नातेवाइकाकडून ती मागवली जाते आणि लगेच उघडली जाते. तरुण व्हिंटेज दमदार असते, पण तिचा तुरटपणा जिभेवर बसतो. मऊ व्हायला तिला पंधरा-वीस वर्षे लागतात. एवढा काळ बाटली आडवी, अंधारात आणि थंड जागी हवी. मुंबईच्या उकाड्यात कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली बाटली सुधारत नाही, ती शिजते. शिवाय ती उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवून, साका मागे राहील अशा बेताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी लागते आणि दोन-तीन दिवसांत संपवावी लागते.

उलट टॉनीला हवेची सवय असते. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास ती तीन-चार आठवडे टिकते. साधी रुबी आठवडाभर, लेट बॉटल्ड व्हिंटेज चार-पाच दिवस. शनिवारी रात्री दोघांनी एकेक पेला घ्यायचा, अशी रीत असलेल्या घराला कोणती बाटली परवडेल हे यावरून उघड आहे.

तापमानाचेही तसेच. टॉनी १० ते १४ अंश सेल्सिअस, रुबी १४ ते १६, व्हिंटेज १६ ते १८ आणि पांढरी त्याहून बरीच गार. आपल्याकडे 'खोलीचे तापमान' म्हणजे तीस अंश. त्या उष्णतेत कोणतीही पोर्ट जळजळीतच लागते. पोर्ट न आवडण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

खाण्याबरोबर जोडी लावताना साधा नियम पाळावा : पदार्थ वाइनपेक्षा गोड नसावा. रुबीबरोबर काळे चॉकलेट, व्हिंटेजबरोबर निळ्या बुरशीचे चीज, टॉनीबरोबर बदामाचे पदार्थ किंवा नुसते अक्रोड, पांढरीबरोबर खारे बदाम. साखरेच्या पाकातील मिठाईपुढे मात्र कोणतीही पोर्ट आंबट वाटू लागते.

आणि हेही लक्षात असू द्यावे : गोडव्याखाली अल्कोहोल लपते. साध्या वाइनच्या दीडपट तीव्रता आणि दर लिटरला सुमारे शंभर ग्रॅम साखर असलेले हे पेय लहान पेल्यातूनच घ्यावे. मधुमेही आणि गाडी चालवणाऱ्यांनी त्यापासून लांब राहिलेले बरे.

गोव्याच्या त्या बाटलीवरून पोर्टला नापास करणे योग्य नव्हे. तसेच ती बाटली मनापासून आवडणाऱ्याने ओशाळण्याचेही कारण नाही. पुढच्या वेळी तिच्या शेजारी डोरूची एक बाटली ठेवून पाहावी. कौल कुणाच्याही बाजूने लागो. तो ऐकीव नसेल, स्वतःच्या जिभेचा असेल.