संकराची गाडी: हिशेब कुठे चुकतो?

लातूर जिल्ह्यातील देवणी हे नाव महाराष्ट्रभर ठाऊक झाले ते तिथल्या गुरांमुळे. गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या संकरातून हा वंश घडला असे मानतात. गाय दुधाला चांगली, बैल ओढकामाला दणकट. संकर म्हणजे दोहोंचे गुण एकत्र आणणे, हे आपण जीवशास्त्राच्या तासाला शिकवतो. हाच विचार मोटारगाडीत कसा आला आणि त्याने धूर खरोखर कमी झाला का, ते आपण पाहू.

ही कल्पना नवी नाही. 1900 साली व्हिएन्नामध्ये फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याने एक गाडी बनवली. तिचे पेट्रोल इंजिन चाके फिरवत नसे. ते फक्त वीज निर्माण करी आणि चाकांतल्या मोटारी त्या विजेवर फिरत. पुढे पेट्रोल स्वस्त आणि मुबलक झाले, इंजिने सुधारली आणि ही वाट मागे पडली. 1997 साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस बाजारात आली, तेव्हा संकरित गाडी मोठ्या संख्येने रस्त्यावर येऊ लागली. मात्र त्या प्रियसची बॅटरी गाडीतच भरली जाई. सारी ऊर्जा अखेर पेट्रोलचीच. बॅटरी घरच्या प्लगवर भरता येईल अशी, म्हणजे प्लग-इन हायब्रिड गाडी चीनच्या बीवायडी कंपनीने 2008 साली विक्रीला आणली.

या इतिहासात पुण्याचेही एक पान आहे. केपीआयटी कमिन्स कंपनीने 2010 साली ‘रेव्होलो’ हा संच जाहीर केला आणि त्याच्या उत्पादनासाठी भारत फोर्जशी हातमिळवणी केली. नवी गाडी घ्यायची नाही. आहे त्याच गाडीला विजेची मोटार आणि प्लगवर भरणारी बॅटरी जोडायची. इंजिन आणि मोटार दोघे मिळून गाडी ओढणार, एका जुवाखालच्या दोन बैलांसारखे. इंधनाची कार्यक्षमता 40 टक्क्यांहून अधिक वाढेल, असा कंपनीचा दावा होता. परंतु जुन्या गाड्यांना असे संच बसवण्याचे केंद्रीय नियम निघायला 2016 साल उजाडले. मोटारगाड्यांत हा संच रुजला नाही.

आता हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला 18 किलोमीटर जाणारी गाडी म्हणजे किलोमीटरला सुमारे 128 ग्रॅम. तीच गाडी विजेवर चालली तर किलोमीटरला साधारण 0.15 युनिट लागेल. भारताच्या एकूण विजेत युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर 105 ग्रॅम. पण परळीसारख्या कोळशावरच्या केंद्राची वीज घेतली तर युनिटमागे सुमारे एक किलो, म्हणजे 150 ग्रॅम! पेट्रोलपेक्षा जास्त. सौर पॅनेलची वीज घेतली तर हाच आकडा अगदी थोडा उरतो. (इंधन खणणे, शुद्ध करणे, वाहून आणणे, तसेच पॅनेल व बॅटरी बनवणे यांचा खर्च सोपेपणासाठी सोडला आहे.)

दुसरा प्रश्न सवयीचा. प्लगच लावला नाही तर गाडी बॅटरीचे ओझे वाहत पेट्रोलवरच चालते. एक बैल ओढतो, दुसरा नुसता बरोबर चालतो. युरोपीय आयोगाने 2021 साली नोंदलेल्या गाड्यांची प्रत्यक्ष रस्त्यावरची माहिती तपासली. 2024 च्या अहवालात निष्कर्ष आला की प्लग-इन हायब्रिडचे उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या सुमारे साडेतीनपट होते. प्रयोगशाळेने धरले होते त्यापेक्षा लोक विजेवर फारच कमी चालत होते.

म्हणून गाडी स्वच्छ की मळकट, याचे उत्तर केवळ गाडीत सापडत नाही. देवणीहून उदगीरला रोज जाऊन येणाऱ्या माणसाचा प्रवास आजच्या अनेक प्लग-इन गाड्यांना निव्वळ विजेवर करता येण्यासारखा आहे, पुण्याचा नाही. आपण वर्गात हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. आठवड्याचा प्रवास किती, त्यातला विजेवर किती, आणि ती वीज कोळशाची की उन्हाची, हे तीन आकडे मुले बदलून पाहतील. जाहिरातीतला एकच आकडा का फसवतो, हे मग आपल्याला वेगळे सांगावे लागणार नाही.