खिशातली बाराखडी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत नववीच्या मुलांना सह्याद्रीवर चार पाने लिहून आणायला सांगितली होती. एकाने ती मोबाइलवर टाइप करून, छापून आणली. लिहिले होते बरे. पण पहिल्याच परिच्छेदात सह्याद्रीच्या 'खोल खोल दर्या' पसरल्या होत्या. दर्या म्हणजे समुद्र. डोंगरात असतात त्या दऱ्या. लाल शाईने गोल काढून मी त्याला बोलावले, तर तो म्हणाला, "सर, मला माहीत आहे. पण मोबाइलात तसला र येतच नाही."

व्याकरण शिकवताना 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडी आम्ही मराठीचे शिक्षक हटकून फळ्यावर लिहितो. एक गुरुजी, दुसरा स्वयंपाकी. फरक काय तो एका अर्ध्या र चा. तेव्हा मुलाची सबब ऐकून रागवण्याऐवजी मलाच प्रश्न पडला, की या एवढ्याशा यंत्रात आपली अक्षरे आली तरी कशी, आणि येताना कोणते अक्षर मागे राहिले?

माझ्या पिढीने अक्षरे यंत्रावर पाहिली ती टायपिंगच्या क्लासमध्ये. १९५५ साली गोदरेजने संपूर्ण भारतीय बनावटीचा टंकलेखक बाजारात आणला आणि पुढे गावोगावी असे क्लास निघाले. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, लहान-मोठी धरून बावन्न. त्यात आकडे आणि चिन्हे घातली की यंत्र भरले. मराठीला व्यंजने, स्वर, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे, रफार आणि वर जोडाक्षरे! नव्वदएक ठशांत हा संसार बसवायचा म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. 'कि' लिहायचे तर आधी वेलांटी ठोकायची, मग क. म्हणजे बोलताना जे मागून येते ते टाइप करताना पुढे. यंत्राला उच्चाराशी देणेघेणे नव्हते, त्याला फक्त आकार ठाऊक होते.

हा क्रम उलटला तो कानपूरच्या आयआयटीत. तेथे प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्याबरोबर काम करणारे मोहन तांबे यांनी देवनागरीसाठी संगणक घडवला. १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तो लोकांपुढे आला. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली ती महासंगणकासाठी. पण तांबे तेथे आले आणि 'जिस्ट' नावाचे तंत्रही त्यांच्याबरोबर आले. साध्या संगणकात एक कार्ड बसवायचे, की पडद्यावर भारतीय अक्षरे दिसू लागत.

या कामाच्या मुळाशी जो विचार होता तो आपल्या पाणिनीय परंपरेला शोभणारा आहे. यंत्राने आकार साठवायचे नाहीत, वर्ण साठवायचे. 'कि' म्हणजे आधी क, मग इकार, जसा उच्चार तसा क्रम. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेऊन बसवणे हे यंत्राचे काम. आणि एकदा वर्ण साठवायचे ठरले की दुसरी गोष्ट आपोआप येते. क हा वर्ण मराठीत आहे, कन्नडात आहे, तेलुगूत, गुजरातीत, बंगालीत आहे. लिपी निराळ्या असल्या तरी वर्णमालेचा सांगाडा एकच. मग प्रत्येक लिपीला स्वतंत्र तक्ता कशाला? १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक ठरवला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि क ची कळ सर्व लिपींसाठी एकच. अक्षरांच्या संकेतांचा तक्ताही तसाच समाईक. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्यावर शिक्कामोर्तब केले.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, जगातल्या सर्व लिपींसाठी 'युनिकोड'चा पहिला तक्ता छापला गेला. त्याच्या कर्त्यांनी भारतीय लिपींसाठी आपला १९८८ चा तक्ता समोर ठेवला. देवनागरीला १२८ घरे दिली, कन्नडालाही १२८. शून्यापासून मोजत गेले तर देवनागरीचा क २१ व्या घरात आहे आणि कन्नडाचाही क २१ व्याच घरात. आपल्या 'ळ'चे घर ५१ वे. कन्नड 'ळ'चेही ५१ वे. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलात हाच तक्ता आहे.

आमच्याकडे फलकावर कोणती लिपी वर आणि कोणती खाली यावरून काय काय झाले ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. यंत्राच्या पोटात मात्र दोन्ही लिपी इतकी वर्षे शेजारी शेजारी एकाच क्रमाने बसल्या आहेत, याचा पत्ता मला फार उशिरा लागला, आणि तोही योगायोगाने. शाळेच्या कार्यालयात एकच संगणक होता. मी इनस्क्रिप्टवर मराठी पत्रे लिहीत असे. आमचे कन्नडचे सहशिक्षक 'नुडी'वर सरावलेले; कर्नाटकातल्या कचेऱ्यांतून तोच कळफलक रूढ आहे. एक दिवस त्यांची नुडी चालेना. मी संगणकाची भाषा बदलून कन्नड केली आणि त्यांना ळ हवा होता तेव्हा सवयीने माझ्या मराठी 'ळ'ची कळ दाबली, म्हणजे इंग्रजी एनची, शिफ्ट धरून. पडद्यावर कन्नड ळ उमटला. सर खुर्चीतून पुढे झुकले. "नम्दू अल्ले ऐत्री, सर?" आमचाही तिथेच आहे? मग त्या दुपारी आम्ही दोघांनी कामधाम सोडून सगळी वर्णमाला दाबून पाहिली. कन्नडातले ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आपल्याकडे नाहीत, पण देवनागरीच्या तक्त्यात त्यांच्यासाठीही घरे आहेत. पाहुण्यासाठी ओटीवर घोंगडी अंथरून ठेवावी तशी.

इतकी सोय १९९१ पासून असताना आपण सारे इंग्रजी अक्षरांत मराठी का लिहू लागलो? याचे उत्तर पुष्कळ जण मुलांच्या आळसात आणि इंग्रजी शाळांत शोधतात. मला ते पटत नाही. मला ते दरपत्रकात सापडते.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत खर्च येई, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. पुढे दर उतरले. २००३ मध्ये बॅटरी लावलेला नोकिया ११०० आला आणि फोन शेतकऱ्यांच्या, रिक्षावाल्यांच्या खिशात गेला. बोलण्यापेक्षा लघुसंदेश स्वस्त, म्हणून लोक लिहू लागले. आता या लघुसंदेशाचे गणित पाहा. एका संदेशाला जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून संदेशात १६० अक्षरे मावतात. युनिकोडच्या अक्षराला सोळा बिट लागतात, म्हणून देवनागरीत मावतात ती फक्त ७०. एकशे एकोणसाठ इंग्रजी अक्षरांत एकच मराठी अक्षर घातले तरी सगळा संदेश सत्तरच्या हिशेबात जातो. आणि ही सत्तरसुद्धा आपण मोजतो तशी अक्षरे नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणे हे सगळे वेगवेगळे धरले जाते. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्या तीन शब्दांना, मधल्या मोकळ्या जागा धरून, २७ घरे जातात. खाली सही करून 'सौ. वहिनींना नमस्कार' लिहीपर्यंत संदेश भरत येई. त्यातून सणाच्या दिवशी सवलतीचे दर लागू नसत, प्रत्येक संदेशाला पूर्ण पैसे.

शिवाय त्या वेळच्या पुष्कळ फोनांवर मराठी संदेश गेला की पलीकडे नुसत्या चौकटी दिसत. मग शहाणा माणूस काय करील? इंग्रजी अक्षरांत मराठी लिहील. कन्नड घरांतही अगदी हेच झाले. माझ्या आईला देवनागरी वाचता येई, इंग्रजी नाही. पुण्याहून नातवंडांचा संदेश आला की ती फोन माझ्यासमोर धरून म्हणे, "काय लिवलंय बघ रं." नातवाने आजीला मराठीतच लिहिलेले असे, आणि आजीला मराठी वाचता येत असे, तरी मध्ये मी लागत असे.

लघुसंदेशाची ही अडचण व्हॉट्सॲपसारख्या ॲपमुळे गेली. २००७ च्या जानेवारीत ॲपलने आयफोन जाहीर केला तेव्हा बाहेरच्यांनी लिहिलेले कार्यक्रम त्यात घालू देण्याची कंपनीची तयारी नव्हती. लोकांनी आपले कार्यक्रम इंटरनेटवरच चालवावेत, असे स्टीव्ह जॉब्स यांचे त्या वर्षीच्या जूनमधले म्हणणे. पुढे त्यांनी मत बदलले आणि १० जुलै २००८ रोजी ॲप स्टोअर उघडले, सुमारे पाचशे ॲप घेऊन. ऑक्टोबरात गुगलचा अँड्रॉइड फोन आणि त्याचे दुकान आले. कोणीही घरी बसून कार्यक्रम लिहावा, दुकानात ठेवावा, जगाने उतरवून घ्यावा, असा तो नवा व्यवहार.

आता 'ॲप' हा शब्द लिहून पाहा. त्यातला पहिला स्वर युनिकोडच्या देवनागरीत १९९१ साली नव्हता. हिंदी वळणाचा, ए वर चंद्र असलेला होता. मराठी वळणाचा, अ वर चंद्र असलेला ॲ नव्हता. तो आला ४ एप्रिल २००८ च्या आवृत्तीत. ॲप स्टोअर जुलैत उघडले, म्हणजे ते नाव मराठीत नीट लिहिण्याची सोय तीन महिने आधी झाली होती! हा निव्वळ योगायोग, पण मला त्याची गंमत वाटते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत जागा दिली. तरीही पुष्कळ ठिकाणी अजून अ टाइप करून वर चंद्र ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द, म्हणून एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही.

घर मिळाले म्हणजे अक्षर दिसेलच असेही नव्हते. क, पाय मोडणे आणि ष एकत्र करून क्ष दाखवणे, वेलांटी डावीकडे नेणे हे फोनने शिकायला हवे होते, आणि सुरुवातीच्या अँड्रॉइडला ते येत नव्हते. २०१२ मध्ये हिंदी आली. मराठी आली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत, आणि त्याच यादीत कन्नडही होती. ती आवृत्ती नोव्हेंबर २०१४ मध्ये निघाली. त्याच महिन्याच्या एक तारखेला आमच्या शहराचे नाव सरकारी कागदोपत्री बेळगावी झाले. त्या दिवशी इकडे काळे झेंडे आणि तिकडे राज्योत्सवाची मिरवणूक, हे आमचे दरसालचेच.

दरम्यान, २०१३ च्या सुमारास मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने 'स्वरचक्र' नावाचा कळफलक ॲपच्या रूपात काढला. क वर बोट ठेवले की त्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उघडते. हव्या त्या दिशेला बोट सरकवायचे. पाटीवर घोटलेली बाराखडी गोल फिरवून ठेवली आहे, इतकेच. त्याची कन्नड आवृत्तीही निघाली. कन्नडची 'कागुणित' आणि आपली बाराखडी एकाच घडणीची. पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला, की देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही भाषांची अक्षरे दिसली पाहिजेत. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने बोलून लिहिण्याची सोय आणखी आठ भारतीय भाषांना दिली, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही.

राहिला तो मुलाचा र. दऱ्यांतल्या अर्ध्या र ला युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात स्वतःचे घर नाही. तो ४९ व्या घरातल्या, खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून तयार होतो. हे ४९ वे घर मुळात राखले होते ते दक्षिणेच्या भाषांतला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. कन्नडाच्या तक्त्यात त्याच ४९ व्या घरात हळेगन्नडातला तो जुना र आहे, जो आजच्या कन्नड लेखनातून गेला. म्हणजे आपण मोबाइलवर 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'आचाऱ्यास' लिहितो तेव्हा दर वेळी त्या जुन्या कानडी र च्या जोडीदाराला हाक मारतो. आमच्या सहशिक्षकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आम्ही सोडलं ते तुम्ही वापरताय की हो सर!"

त्या मुलाला मी कार्यालयात बोलावले. त्याच्या फोनवर र ची कळ दाबून धरली, तर वर एक बारीकशी चौकट आली आणि तीत ऱ बसला होता. त्याने तो निवडला, पाय मोडला, य आणि काना जोडला. दऱ्या झाल्या. मग त्याने आपल्या चार पानांत असे आणखी शब्द शोधायला सुरुवात केली. पायऱ्या, झऱ्याचे, किनाऱ्यापर्यंत, कोपऱ्यात मिळून अकरा निघाले. दुसऱ्या दिवशी त्याने पाने पुन्हा छापून आणली. दोन राहिले होते.