आजारी कामगाराची जागा

मुंबईच्या कापडगिरणीत माणूस कामावर आला नाही, म्हणजे त्याचा 'खाडा' पडे. तो तापाने पडला की पेरणीच्या दिवसांमुळे, ही चौकशी गिरणीच्या व्यवस्थेला गौण होती; साचा रिकामा राहता कामा नये, एवढीच तिची चिंता. भोंग्याच्या वेळी दरवाजाशी बदली कामगार ताटकळत उभे असत आणि त्यांतून कोणाला आत घ्यावयाचे हे जॉबर ठरवी. चार दिवसांचे दुखणे या व्यवस्थेत खपून जाई. परंतु दुखणे लांबले, कामगार रत्नागिरीकडे किंवा साताऱ्याकडे गावी गेला आणि काही महिन्यांनी परतला, तर त्याला पुन्हा जॉबरचीच मनधरणी करावी लागे. पुष्कळदा दस्तुरीही मोजावी लागे. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांना नोंदपत्रे देण्याची पद्धत सुरू केली, ती जॉबरच्या मनमानीला आळा घालावा म्हणून. दीर्घ आजाराचा प्रश्न तिच्या कक्षेत येतच नव्हता.

आजाराकडे कायद्याचे लक्षही उशिराच गेले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणीकामगारांनी जो अर्ज केला, त्यात कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, अशी मागणी होती. ही जखमेची भरपाई १९२३ च्या कायद्याने मान्य केली. अपघाताला यंत्र साक्षीदार असते. क्षयाला किंवा जुनाट हिवतापाला कोण असणार? व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात आजारविम्याचा विचार पुढे मांडला. तरी त्याची प्रत्यक्ष योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे आले ते १९४३ मध्ये. १९४४ च्या त्यांच्या अहवालातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे ही योजना सुरू झाली. कानपूरला तिचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. नागपूर व मुंबई येथे ती १९५४ मध्ये आली. मालक व कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी उभा राहिला आणि विमा-डॉक्टरच्या दाखल्यावर आजारी माणसाला सुमारे निम्मे वेतन मिळू लागले. मात्र वर्षातून ५६ दिवसच. क्षयाच्या रोग्याचे दोन महिन्यांत काय होणार? म्हणून अशा दीर्घ रोगांसाठी पुढे वाढीव मदतीची तरतूद करावी लागली. याच कायद्याच्या ७३ व्या कलमाने, आजारपणाची मदत घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास किंवा शिक्षा करण्यास मालकाला मनाई केली.

पोटाची सोय झाली, पण जागेचे काय? १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील नमुना नियमांत असे होते, की रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार परतला नाही आणि समाधानकारक कारण देऊ शकला नाही, तर त्याचा जागेवरील हक्क जाईल. मात्र त्याचे नाव बदली कामगारांच्या यादीत राहील. म्हणजे वर्षानुवर्षे कायम असलेला माणूस पुन्हा दरवाजाशी! १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक कलह कायद्यात कामगार-कपातीसाठी नुकसानभरपाई आली, तेव्हा 'सततचे अनारोग्य' या कारणावरून काढलेल्याला कपातीच्या व्याख्येतून वगळण्यात आले.

हे दोन कायदे समोरासमोर आले ते मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटक मिलच्या खटल्यात. १९५७ च्या जानेवारीत रजेवर गेलेला एक कामगार वेळेवर परतला नाही. त्याने मागाहून डॉक्टरचा दाखला आणला आणि विमा महामंडळाने त्या दिवसांची मदतही त्याला दिली. मिलच्या स्थायी आदेशांप्रमाणे मात्र, सलग आठ दिवस विनारजा गैरहजर राहिलेल्याने नोकरी सोडली असे मानले जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये मिलचे म्हणणे मान्य केले. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांचे होते, आणि कामगारविषयक कायद्यात त्यांच्याइतका अधिकार त्या काळी क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल. स्थायी आदेशाने आपोआप संपणारी नोकरी ही ७३ व्या कलमात अभिप्रेत असलेली शिक्षा नव्हे, असा त्यांचा अर्थ होता. कामगाराला जागा परत मिळाली नाही.