वॉरबर्गचा ऑक्सिजन गेला कुठे?

आज १९०८ सालच्या एका मोजणीची गोष्ट. आकडा बरोबर होता, पण त्याचा अर्थ लागायला सत्तर वर्षं गेली.

सी अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी गोळा. आपल्या कोकणातल्या खडकांतही असतो. त्याचं फलन शरीराबाहेर, पाण्यातच होतं, त्यामुळे ते मायक्रोस्कोपखाली बघता येतं. तरुण ओटो वॉरबर्ग इटलीत नेपल्सला याच अंड्यांवर काम करत होता. शुक्राणू मिळताच अंडी सुमारे सहापट ऑक्सिजन घेऊ लागतात, असं त्याला आढळलं. निष्कर्ष सरळ वाटला: वाढ सुरू झाली, ऊर्जा हवी, म्हणून श्वसन वाढलं. पुढे १९३१ साली त्याला नोबेल मिळालं, तेही श्वसनाच्या एन्झाइमवरच!

आता जरा चाकणला या. कंपनीचं वीजमीटर अचानक सहापट पळालं की आपण म्हणणार, प्रॉडक्शन वाढलं. आत वेल्डिंग करून गेट बंद करतायत, हे मीटर थोडंच सांगतं?

अंड्यात नेमकं तेच चालू असतं. दुसरा शुक्राणू आत शिरला तर पेशीविभाजन बिघडतं आणि भ्रूण मरतो. म्हणून पहिला आत येताच कॅल्शियमची लाट उठते, अंड्याच्या कडेच्या हजारो पुड्या फुटतात. त्यातलं एक एन्झाइम बाहेरच्या आवरणाचे टाके उसवतं, आवरण वर उचललं जातं. पण ते अजून मऊच असतं.

१९७७ मध्ये फोर्डर आणि शापिरो यांनी दाखवलं, की ओव्होपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम त्या आवरणातल्या प्रथिनांचे टायरोसीन एकमेकांना जोडून ते कडक करतं. टायर बनवताना गंधक रबराच्या साखळ्या बांधतो, तसंच काहीसं. या कामाला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. ते कुठून येतं? पुढच्याच वर्षी क्लेबॅनॉफ यांच्यासोबत हिशेब लागला: फलनानंतर पहिल्या काही मिनिटांत घेतलेल्या ऑक्सिजनपैकी जवळपास दोन तृतीयांश ऑक्सिजन पेरॉक्साइड बनवण्यातच जातो. क्लेबॅनॉफ मूळचे पांढऱ्या पेशींचे अभ्यासक, आणि त्या पेशी जंतू मारायला हीच केमिस्ट्री वापरतात. मला वाटतं, म्हणूनच त्यांना हे ओळखीचं वाटलं असणार.

ऑक्सिजनपासून पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम, यूडीएक्स१, तर २००४ मध्ये हाती लागलं. आणि इतकं जहाल रसायन शेजारीच बनत असताना अंडं स्वतः भाजत कसं नाही? त्याच्या आत ओव्होथायॉल नावाचा गंधकयुक्त रेणू भरपूर असतो. आत झिरपलेलं पेरॉक्साइड तो संपवून टाकतो.