बंदूक, वाळा आणि कॅमेरा

दिवाळी म्हटली की घरोघरी पाहुणे आलेच. परंतु कोकणच्या कातळी किनाऱ्यावर काही पाहुणे आपल्या आधीच, श्रावण-भाद्रपदात, येऊन उतरलेले असतात. त्यांना आमंत्रण लागत नाही, आणि त्यांच्या फराळाची सोय ओहोटी करते. कोणी हिमालयापलीकडून आलेला, तर कोणी थेट उत्तर ध्रुवाजवळच्या किनाऱ्यावरून! ही पाखरे कोण, कुठली, हे माणसाने कसे ओळखले, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. त्या इतिहासात माणसाच्या हातातली वस्तू दोनदा बदलली, आणि तिच्याबरोबर त्याची नजरही बदलली.

पहिली वस्तू बंदूक. १८८० साली जी. डब्ल्यू. व्हायडल या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याचे संपादक ॲलन ह्यूम; पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे गृहस्थ. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास करायचा म्हणजे तो मारायचा, त्याचे कातडे सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधून पेटीत ठेवायचा. हा सारा निव्वळ क्रूरपणा होता असे मात्र म्हणवत नाही. हिवाळ्यात किनाऱ्यावरची ही पाखरे बहुतेक सारी करडी-तपकिरी दिसतात, आणि लोलकाची चांगली दुर्बीण जर्मनीतल्या झाइस कारखान्यातून बाजारात आली ती १८९४ साली. तोवर हातात घेतल्यावाचून पाखरू ओळखणार कसे? पण पेटीतल्या पाखराचे नाव तेवढे कळे, गाव कळत नसे.

गाव कळले ते वाळ्यामुळे. १८९९ साली डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तरांनी मैनेच्या कुळातील काही पक्षी पकडले, त्यांच्या पायांत क्रमांक कोरलेले ॲल्युमिनियमचे वाळे घातले आणि त्यांना सोडून दिले. पुढे पाखरू कुठे सापडले तर वाळ्यावरून त्याचा प्रवास उलगडावा, अशी ती साधी युक्ती. आपल्याकडे १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. तिच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही दोन आपली माणसे होती. याच संस्थेने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून वाळे घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पाखरू आता मरावे लागत नव्हते. घटकाभर हाती आले म्हणजे पुरे.

तिसरी वस्तू कॅमेरा. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसह एका घरट्याचा फोटो घेतला आणि १८९५ साली केवळ फोटोंनी सजलेले घरट्यांवरचे पुस्तक काढले. पाखरांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढवले आणि त्या पोकळ बैलाच्या पोटात बसून फोटो घेतले!

आम्हाला रत्नागिरीच्या बाजूला बैलाची गरज पडत नाही. मी भरती लागण्यापूर्वीच खडकाच्या आडोशाला जाऊन बसतो आणि हालत नाही. पाणी चढू लागले की पाखरे एकेक खडक सोडीत आपणच जवळ येतात. माझा लाडका पाहुणा म्हणजे टर्नस्टोन. नारिंगी पाय, आखूड चोच. शेवाळ आणि धोंडे उलथून खालचे किडे-खेकडे टिपण्यात तो असा गर्क असतो, की जणू हरवलेली अंगठीच शोधतो आहे. आपण मात्र त्याच्यामागे धावू नये. खडक उघडे असतात तेवढेच तास त्याला चरायला मिळतात, आणि परतीच्या प्रवासाची चरबी त्यातच साठवायची असते. एका फोटोसाठी त्याला चारदा उडवणे म्हणजे पाहुण्याच्या पुढचे ताट चारदा ओढून घेणे.

हे मी उगाच सांगत नाही. अमेरिकेत एस्किमो कर्ल्यू नावाचे, वाकड्या चोचीचे पाखरू एकेकाळी प्रचंड थव्यांनी फिरे. एकोणिसाव्या शतकात त्याची बेसुमार शिकार झाली. १९६२ साली टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बेटावर त्याचे फोटो घेतले गेले. १९६३ साली बार्बाडोसमध्ये एक एस्किमो कर्ल्यू शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर हे पाखरू कोठे दिसल्याचा निर्विवाद पुरावा नाही. कॅमेरा पोचला होता, पण बंदूक अजून खाली ठेवली गेली नव्हती.

आज पायांत रंगीत पट्टी घातलेल्या पाखरावरची अक्षरे दूरवरच्या फोटोतही वाचता येतात. पुन्हा पकडावे न लागता त्याचा ठावठिकाणा कळतो. व्हायडलला ज्यासाठी गोळी झाडावी लागे, ते काम एखादी शाळकरी मुलगी आता खडकावर बसल्या बसल्या करू शकते.

भाऊबीजेला कोकणात असाल तर मुलांना घेऊन सकाळच्या ओहोटीला कातळावर जा. अमावास्येचे उधाण ओसरले नसते, त्यामुळे पाणी दूरवर हटलेले असते. पाहुणे तेव्हा जेवत असतील. त्यांचे होईपर्यंत जरा लांब बसा.